वहीतल्या पट्ट्या खोडू नका

महोदय,

सहामाही जवळ आली की पालकांचं एकच गाऱ्हाणं कानावर येतं. पोराला बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की घोडं अडतं. मग शिकवणीत तोडगा मिळतो : 'एकूण' किंवा 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी केलेली बाई म्हणून सांगते, या तोडग्याने मुलं उदाहरण वाचायचंच सोडून देतात. 'सीमाकडे १२ बोरं आहेत. ती राजूपेक्षा ५ ने जास्त आहेत. राजूकडे किती?' तोडगेवाला १७ लिहून मोकळा! त्यालाच सीमाची एक पट्टी, म्हणजे बोरांच्या संख्येनुसार लांब-आखूड असा आडवा चौकोन, आणि तिच्याखाली राजूची पट्टी काढायला लावा. कोणाची आखूड काढायची हे ठरवायला त्याला वाक्य पुन्हा वाचावंच लागतं. ७ हे उत्तर मग आपसूक येतं.

आता हे पाहा. रवी आणि गौरीकडे मिळून ३० चिंचोके, रवीकडे ६ जास्त. मोठी माणसं इथे 'क्ष' धरतात. चौथीतलं पोर दोन पट्ट्या काढतं, रवीच्या पट्टीचं पुढे आलेलं ६ चं टोक बोटाने झाकतं आणि उरलेल्या २४ चे दोन सारखे वाटे करतं. गौरीचे १२, रवीचे १८. सिंगापूरने १९८० च्या दशकात ही पट्ट्यांची रीत आपल्या प्राथमिक शाळांत रुजवली.

अर्थात गणितातलं चित्र म्हणजे चित्रकला नव्हे, हे मुलांना कळायला वेळ लागतो. दुसरीतल्या एकाला मी चार शेळ्यांचे पाय विचारले. घरी शेळ्या असलेलं पोर ते! पहिल्याच शेळीला शिंगं, दाढी, लोंबते कान, सगळं निगुतीने काढलं आणि पाय काढायच्या आत घंटा झाली. पुढे तो एक गोल आणि खाली चार रेघा एवढ्यावर आला. मग गोलही गेला, नुसते चार-चार रेघांचे जुडगे राहिले. चारचा पाढा तिथेच सुरू होतो.

आपल्या वर्गांत मणी असतात, दशकाचे दांडे असतात, आणि थेट फळ्यावर अंक. मुलाने स्वतः चित्र काढायची मधली पायरी राहून जाते. पुस्तकात चित्रं आहेत, पण ती दुसऱ्या कोणी काढलेली. मूल ती फक्त मोजतं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत अंकगणित यावं यासाठी २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं, मुदत २०२६-२७ ची. आणि इकडे शेजारच्या मुलीच्या वहीत अशाच पट्ट्यांवर 'खाडाखोड नको' असा लाल शेरा! मला तरी राग आला.

तेव्हा मांडणीचा गुण चित्रालाही द्यावा, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एखादा तास या पट्ट्यांसाठी ठेवावा. त्याला ना निधी लागतो, ना साहित्यपेटी.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वाई (जि. सातारा)