म्हैसमाळला एक पाटी तरी लावा की

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस पडला की अख्खं संभाजीनगर म्हैसमाळला पळतंय, आम्हीबी गेलो मागच्या रविवारी, गिरजादेवीचं दर्शन घेतलं, कणीस खाल्लं आणि पोरं म्हणली की दरीच्या कडेनं थोडं चालू. पायवाट आहे, पण कुठं जाते ते सांगायला एक पाटी नाही. धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसंना, आणि भाच्याचा पाय शेवाळावरून सटकला तो डायरेक्ट करवंदीच्या जाळीत. जाळी होती म्हणून वाचला, एवढंच. चप्पल खाली गेली ती गेलीच. (स्लीपर घालून आलता, ते वेगळं!)

खाली वेरूळला तेच. २९ नंबरच्या लेणीजवळ येळगंगेचा धबधबा पडतो, सीतेची न्हाणी म्हणतात तिथं, आणि पोरं वरच्या काठावर उभी राहून रील काढायलेत. वरती जोराचा पाऊस झाला की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही, खाली ऊन असलं तरी. हे कुणी सांगायचं?

आपल्याकडं धबधबे म्हणजे चार दिवसांचे पाहुणे, काळ्या दगडात पाणी मुरतं कमी आणि वाहून जातं जास्त, दिवाळीपर्यंत धार बारीक होते. म्हणून गर्दी एकदमच होते. वनखात्यानं निदान जून ते सप्टेंबर वाटेवर चुन्याच्या खुणा, कडेला रेलिंग आणि शनिवार-रविवार गावातलीच दोन पोरं गाईड म्हणून ठेवावीत. त्यांनाबी चार पैसे मिळतील.

— एक वाचक, खुलताबाद तालुका