जुना पेजमेकर, नवा लॅपटॉप

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली नव्या लॅपटॉपवर उघडता येतील, पण विंडोज ११ वर पेजमेकर (पानं मांडायचं ते जुनं सॉफ्टवेअर) बसवायच्या भानगडीत पडू नकोस. लॅपटॉपच्या आत एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर, तयार कर, त्यात विंडोज एक्सपी टाक आणि पेजमेकर, फॉन्ट, कीबोर्डचा ड्रायव्हर असा जुना संसार तिथेच मांड.

त्या फाइलींत मराठी मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) नाही, हे तुला ठाऊकच आहे. श्रीलिपी असो की आकृती, या जुन्या मराठी फॉन्ट-पॅकेजांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट नसला की पानभर रोमन कचरा दिसतो. दुसऱ्या आवृत्तीचा फॉन्ट घातला तर त्याहून वाईट: बहुतेक मजकूर बरोबर दिसतो आणि चार जोडाक्षरं गुपचूप बदलतात. म्हणून फॉन्ट इंटरनेटवरून गोळा करू नकोस, जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरमधूनच घे.

लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे ना, ते पाहून घे. एआरएमवाला (वेगळ्या जातीचा, मोबाइलसारखा) असेल तर पुढचं लागू नाही. तिथे एक्सपी चालवायला पूर्ण इम्युलेशन, म्हणजे प्रोसेसरचीच सॉफ्टवेअरमधून नक्कल, लागतं आणि ते रखडत चालतं. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलसाठी ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीसाठी ‘एसव्हीएम मोड’ चालू कर.

मशीन तयार करायला सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्स घे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट आहे, पण आपल्या कामाला व्हर्च्युअलबॉक्स पुरे. नवी मशीन करताना प्रकार ‘विंडोज एक्सपी, ३२-बिट’ निवड आणि ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ (आपोआप होणारं इन्स्टॉलेशन) वगळ. रॅम १ जीबी, प्रोसेसर १, डिस्क २० जीबी. जास्त दिलंस म्हणून पेजमेकर पळणार नाही, उलट लॅपटॉपचीच रॅम अडेल. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेव, म्हणजे फाइल लागेल तशी वाढते. मात्र आतला मजकूर पुसला म्हणून ती आपोआप आकसत नाही.

लोक अडकतात ते डिस्कच्या कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क मशीनला जोडणाऱ्या भागावर. तो जुन्या पद्धतीचा आयडीई (पीआयआयएक्स४) हवा. एक्सपीच्या सीडीवर साटा या नव्या पद्धतीच्या जोडणीचा (एएचसीआय) ड्रायव्हर नाही, त्यामुळे साटा ठेवलास तर इन्स्टॉलर हार्ड डिस्कच नाही म्हणतो. जुन्या मशीनच्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा करून चालवायला गेलास, तर ७बी हा आकडा दाखवून निळा पडदा येतो; त्याचंही कारण बहुधा कंट्रोलर बदलल्याचंच असतं. आणखी एक: सेटिंगमधली ‘आयओ-एपीआयसी’ची खूण इन्स्टॉल करण्याआधी काय असेल ती ठरव, नंतर तिला हात लावू नकोस. एक्सपी इन्स्टॉल होतानाच त्यावरून आपला गाभा निवडतो. नंतर ती काढलीस तर सुरूच व्हायचा नाही.

मशीन चालू झाल्यावर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर तो विनोद नाही. विंडोजचा हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) आधीच जागा अडवून बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या खांद्यावरून काम करावं लागतंय. ‘विंडोज फीचर्स’मधून ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ आणि हायपर-व्ही काढ, ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद कर आणि रीस्टार्ट कर. मेमरी इंटिग्रिटी ही लॅपटॉपच्या सुरक्षिततेची सोय आहे, तेव्हा आधी कासवासकट चालवून बघ. पानं बरी हलत असतील तर राहू दे कासव.

नेटवर्क कार्ड मात्र सेटिंगमधूनच काढून टाक. एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली, आणि पेजमेकरला इंटरनेट लागत नाही. फाइलींची ने-आण एक्सपीत व्हर्च्युअलबॉक्सचं ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे पूरक सॉफ्टवेअर बसवून ‘शेअर्ड फोल्डर’मधून कर. मूळ फाइलींचा फोल्डर ‘रीड-ओन्ली’ जोड आणि काम आतल्या प्रतीवर कर. पेजमेकर चित्रांचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लक्षात ठेवतो. चित्रं पूर्वी डी ड्राइव्हवर होती ना? एक्सपीत डी हे अक्षर बहुधा सीडी ड्राइव्हने घेतलेलं असतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सीडीला झेड दे, दुसरी छोटी व्हर्च्युअल डिस्क जोडून तिला डी कर आणि जुनी फोल्डररचना तशीच उतरव. नाहीतर एकेक चित्र हाताने जोडत बसशील.

फॉन्टच्या पॅकेजला डोंगल (परवान्याची खूण म्हणून कॉम्प्युटरला लावायचा छोटा तुकडा) आहे का? यूएसबीचं असेल तर सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडून त्याचा फिल्टर (ते उपकरण आतल्या मशीनकडे वळवणारी नोंद) घाल, ३.० चा ड्रायव्हर एक्सपीकडे नाही. समांतर पोर्टचं असेल तर इथे चालेल यावर विसंबू नकोस, जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नकोस.

सगळं बसलं, एक पान नीट उघडलं, की एक्सपी बंद करून स्नॅपशॉट (मशीनच्या त्या घडीच्या स्थितीची नोंद) घे. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कच्या फाइलवरच उभा असतो, ती गेली की दोन्ही गेले. बॅकअपसाठी मशीनचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरव. ती बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल घेणार नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस कर.

पान बाहेर काढायचं ते पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतून. एक्सपीच्या यादीतला नावात ‘पीएस’ असलेला एखादा प्रिंटर बसव, पेजमेकरच्या प्रिंट ऑप्शन्समध्ये ‘राइट पोस्टस्क्रिप्ट टु फाइल’ला खूण कर आणि पोस्टस्क्रिप्ट व ट्रूटाइप, दोन्ही प्रकारचे फॉन्ट डाउनलोड करायला सांग. ती फाइल बाहेर विंडोज ११ मध्ये घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमला दिलीस की पीडीएफ मिळते. या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाहीत, आत अजून तीच रोमन घरं आहेत. शोधता येणारा मजकूर हवा तर पेजमेकरच्या स्टोरी एडिटरमधून मजकूर काढून, त्याच फॉन्टच्या आवृत्तीसाठी केलेल्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलावा लागेल, आणि मग प्रूफ वाचणं आलंच. र्‍य, ऱ्ह आणि रफार आधी बघ.

पहिल्यांदा सबंध अंक घेऊ नकोस. चौकटी, चित्र आणि दोन फॉन्ट असलेलं एकच पान घे आणि त्याची पीडीएफ मूळ छापील पानाशेजारी ठेवून ताड. फरक दिसला तर दोन्हींचे फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद