आधी चेंबर पाहिले होते का?

संपादक महोदय,

पोलिसांची पिस्तुले आपोआप सुटतात, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. माझा पुतण्या पोलिसात आहे. सकाळीच त्याच्या आईचा फोन आला, "भाऊजी, ह्याला सांगा, ते कमरेला लावून घरात येऊ नको म्हणून. लेकरं आहेत घरात." पार्क चौकात चहाच्या गाडीवरही हाच विषय. गड्डा यात्रेच्या गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसापासून लोकांनी आता अंग चोरून जायचे का?

मी सत्तावीस वर्षे आर्मरर, म्हणजे पोलिसांची हत्यारे तपासणारा आणि दुरुस्त करणारा, होतो. हत्यार बिघडते, हे मला कुणी सांगायला नको. झिजलेले सिअर (चाप ओढेपर्यंत आतला भाग अडवून धरणारा तुकडा), दमलेल्या स्प्रिंगा या हातांनी बदलल्या आहेत. पण पिस्तूल कोणते होते? चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, राऊंड (काडतूस) होता का? ते हातातून पडले की होल्स्टरमध्येच होते? तपासणीला प्रयोगशाळेत पाठवले का? बातमीत यातले काहीही नाही. त्याऐवजी अमेरिकेतल्या सिग सॉअर पी-३२० या पिस्तुलाची हकिकत जोडली आहे. त्या तक्रारी पोकळ नाहीत. ठरावीक कोनात पडले तर गोळी सुटते असे दिसल्यावर २०१७ मध्ये कंपनीने आतले भाग बदलून द्यायला सुरुवात केली. जुलै २०२५ मध्ये एका जवानाच्या मृत्यूनंतर तिथल्या हवाई दलाच्या एका कमांडने त्याच घराण्यातले एम-१८ थांबवले आणि तपासणी करून ऑगस्टमध्ये पुन्हा हाती दिले. पण आपल्याकडचे ईशापूरचे ९ मिमी पिस्तूल वेगळे आणि काही अधिकाऱ्यांकडचे ग्लॉक वेगळे. ईशापूरच्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सेफ्टी आहे, शिवाय मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) काढले की चाप चालत नाही. ग्लॉकला अंगठ्याची सेफ्टी नाही, आणि ते खोलायचे तर आधी चाप ओढावाच लागतो.

घात तिथे होतो. मी एका जिल्ह्यात असताना एक हवालदार बराकीत ग्लॉक साफ करायला बसला. त्याने आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली. एक राऊंड बाहेर पडला, त्याला वाटले झाले रिकामे. मॅगझीन आतच होते, त्यामुळे स्लाइड पुढे जाताना दुसरा राऊंड चढला. मग त्याने मॅगझीन काढले आणि खोलण्यासाठी चाप ओढला. गोळी शेजारच्या पत्र्याच्या पेटीतून आरपार भिंतीत गेली. पेटीत त्याच्या मुलीचा शाळेचा नवा गणवेश होता. तो भोक पडलेला फ्रॉक हातात धरून बसलेला माणूस मला अजून दिसतो. पुंगळी मी उचलली. पिस्तूल तीनदा खोलून पाहिले, चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन काडतुसावर आपटू न देणारी सेफ्टी शाबूत होती. तसे लिहूनही दिले. तरी वर गेलेल्या कागदावर 'शस्त्रातील दोष' हेच शब्द राहिले. त्या हवालदाराला वर्षभरात सरावाला मिळालेल्या गोळ्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, हे मात्र कुठल्याच कागदावर आले नाही. हत्याराला दोष दिला की सरावाचे कुणी विचारत नाही.

खरोखर दोष असेल तर तो पिस्तुलाच्या नावासकट छापा, मी स्वतः तुमच्या बाजूने उभा राहीन.

आणखी एक. चाप ओढूनही काडतूस उडत नाही, त्याला मिसफायर म्हणतात. नको तेव्हा गोळी सुटणे म्हणजे मिसफायर नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली तेव्हाही ठिकठिकाणी हाच शब्द छापून आला होता. कालच्या बातमीत तो चार वेळा आहे, चारही वेळा उलट्या अर्थाने.

आपला,
एक निवृत्त पोलीस आर्मरर,
जुळे सोलापूर