बाबा, जुनं विंडोज परत टाकायचं नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

विंडोज ११ टाकल्यापासून कॉम्प्युटर फार हळू चालतो, "ते जुनंच परत टाक" असं फोनवर म्हणालात, तेव्हा तुमचा आवाज थकलेला होता, म्हणून वाद घातला नाही. पण मी आणि दादानं ठरवलंय, मागे जायचं नाही. रागावू नका. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वर्षाची मुदतवाढ मिळते हे खरं, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मग पुन्हा हाच घोळ. तुमची पेन्शन, बँक, सगळं त्याच कॉम्प्युटरवर. शिवाय मागे जायची सोय अपग्रेडनंतर दहाच दिवस असते, ते उलटून गेले.

कॉम्प्युटर बिघडलेला नाही आणि भंगारात तर मुळीच द्यायचा नाही. त्यातला आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो. अडतंय ते ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कपाशी. रॅम म्हणजे आईचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान, म्हणून विंडोज सारखं सामान माळ्यावर टाकतं आणि परत उतरवतं. त्यात डिस्क तबकडी फिरवून वाचणारी, म्हणून एक्सेल उघडेपर्यंत तुमचा चहा संपतो. अपग्रेडनंतर दोन-तीन दिवस फायलींची यादी बनवणं, अपडेट उतरवणं चालू असतं, तेव्हा धाप लागणारच. त्यानंतरही डिस्कचा वापर सतत १०० टक्के दिसत असेल तर दोष डिस्कचा.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, 'टास्क मॅनेजर' उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा आणि खाली 'स्लॉट्स युज्ड'समोर काय दिसतं ते तुमच्या त्या सुरेख अक्षरात वहीत लिहून मला सांगा. '१ ऑफ २' असेल तर रॅमची जुनी पट्टी काढायची गरज नाही, शेजारी ८ जीबीची बसेल. दुकानदाराकडे 'डीडीआर-४, डेस्कटॉपची' असंच मागायचं. लॅपटॉपची आखूड असते, बसत नाही.

एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, मी घेतली आहे, ५०० जीबी, साटा जोडणीची, अडीच इंची. पैशांचा विषय काढायचा नाही. दादा शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घेऊन येईल. रविवारी आधी फोटो आणि पेन्शनचे कागद पेन ड्राइव्हवर घेईल, मग जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करेल. त्याला काही तास लागतात. यूपीएस चालू ठेवा. पाण्याचा दिवस असला तरी मोटारीसाठी प्लग उपटायचा नाही! जुनी डिस्क आतच राहील, फोटोंसाठी. तुमचं काही जाणार नाही.

तोवर एवढं करा. 'टास्क मॅनेजर'मध्येच 'स्टार्टअप ॲप्स' आहे. तिथलं गरज नसलेलं 'डिसेबल' करा, अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. त्याची वर्गणी संपली असेल तर दादा ते काढेल, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप सुरू होतं. कॉम्प्युटर जड वाटला की 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन'मध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि अडकलेलं तसंच परत येतं.

कॅबिनेट दिवाणाखालून बाहेर काढा, बाबा. सोलापूरचा मे महिना आणि धूळ, दोन्ही प्रोसेसरच्या मुळावर. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. ब्लोअर मारताना आतला पंखा बोटानं धरायचा, गरगर फिरू द्यायचा नाही. हे दादा करेल, तुम्ही वाकायचं नाही. पाठ कशी आहे?

आई, स्टार्टचं बटण मधोमध गेलं म्हणून तू वैतागलीस ना? 'सेटिंग्ज', 'पर्सनलायझेशन', 'टास्कबार', तिथल्या 'अलाइनमेंट'मध्ये 'लेफ्ट'. परत आपल्या जागी. अक्षरंही 'ॲक्सेसिबिलिटी'मधून मोठी करून घे, चष्मा शोधत बसू नकोस.

आणि दोघांनीही ऐका. 'तुमचा पीसी स्लो आहे, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं तर फोन करायचा नाही. वेग वाढवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. कुणा अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवायची नाही, तो कितीही गोड बोलला तरी. अडलं तर कंट्रोल, विंडोज, क्यू दाबा. 'क्विक असिस्ट' उघडेल. मी फोनवर कोड सांगेन, तो टाकून परवानगी दिली की मला इथून दिसेल. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, आधी असले तरी उचलेन.

दादाजवळ शेंगाचटणी द्या, थोडीच.

तुमची,
ताई