शिवसागराच्या काठचा रस्ता पावसाळ्यातल्या रात्रीसाठी बांधा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या बातम्या आम्ही साताऱ्यात आवडीने वाचतो. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय कोयनानगरपासून वर तापोळ्यापर्यंत पसरला आहे. साताऱ्याहून यवतेश्वर, कास करत त्या काठाला बामणोलीत उतरणाऱ्या रस्त्याबद्दल मी लिहीत आहे.

माझं आजोळ बामणोलीच्या पलीकडच्या काठाला. १९६०च्या दशकात पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातली शेतं, देवळं आणि पायवाटा बुडाल्या. कितीतरी घरं रायगड, ठाणे, सोलापूरकडे उठून गेली. राहिली ती डोंगराला वर सरकली. नदीकाठाने चालत जाणाऱ्या माणसांना बाजाराला जायलाही लाँच लागू लागली. शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठवणाऱ्या या धरणाने राज्याला वीज दिली, याचा आम्हाला अभिमान आहे. काठावरच्यांची वाट मात्र तेव्हा मोडली ती मोडलीच.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मामीच्या छातीत रात्री कळ आली. वाऱ्यापावसात लाँच सुटेना. उजाडल्यावर तिला अलीकडे आणून जीपमध्ये घातलं. कासवर धुकं इतकं, की पुढची दहा पावलं दिसत नव्हती. एका वळणावर डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि दरीकडची कड खचली होती. मी बॅटरी घेऊन पुढे चालत होतो, जीप मागून येत होती. बामणोली ते सातारा जेमतेम पस्तीस किलोमीटर, त्याला आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. मामी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

हा रस्ता दर वर्षी त्याच त्या वळणांवर का फुटतो, हे इथला कोणीही गुराखी सांगेल. सड्यावर, म्हणजे कासच्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ असतो. तो भिजून भरला की पुढचं सगळं पाणी उताराला लागतं आणि डोंगराकडच्या गटारात येतं. गटार गाळागवताने बुजलेलं असलं, की तेच पाणी डांबरावरून दरीकडे निघतं आणि साईडपट्टीची भर घेऊन जातं. दिवाळीच्या सुमारास खड्डे भरले जातात, गटार तसंच राहतं. मोऱ्या मोठ्या करणं, गटारं दगडात बांधणं, दरीकडे कठडे घालणं, धुक्यात दिसतील असे पांढरे पट्टे मारणं, या कामांचं उद्घाटन कोणी करत नाही. पण मामीसारख्या माणसाला त्यांचाच आधार आहे.

रुंदीकरणाची मागणी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रविवारांमुळे. फुलं बघायला लोक येतात, यावंच. पण २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा ठरलेल्या त्या सड्यावरूनच हा रस्ता जातो. तिथे रुंदी वाढवायची म्हणजे तेवढी सीतेची आसवं आणि गेंद उगवायची जागा कापायची. एकदा खरवडलेला सडा पुन्हा तसा होत नाही. शिवाय शेजारचा कास तलाव साताऱ्याला पाणी पाजतो. हंगामात गाड्या पठाराच्या अलीकडे लावून सगळ्यांना एसटीने न्या. सड्यावरून रस्ता आहे तेवढाच ठेवा, फक्त पावसात टिकेल असा करा.

अजून एक विनंती आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रस्ता सुधारला की पाठोपाठ प्लॉटच्या पाट्या येतात, मग तारेची कुंपणं. रस्ता आणि जलाशय यांच्यामधली पट्टी मोकळी राहील, असं लेखी ठरवा. त्या पाण्याखाली आमच्या आजीचं अंगण आहे. काठाशी उतरून पाण्याला हात लावायला तिच्या नातवंडांना कुणाच्या फाटकाशी थांबावं लागू नये.

मामी आता सत्तरीची आहे. साताऱ्याला राहायला ये म्हटलं तर ऐकत नाही, तिची नाचणी आणि म्हैस तिथे आहे. येत्या मृगाच्या आधी एवढी गटारं तरी उपसून घ्या. बाकीचं पावसाळ्यानंतर बोलू.

आपला,
जावळी तालुक्यातला एक रहिवासी