सायकलींपासून हामेलपर्यंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर फुटबॉलचे निकाल येतात, कोण कुठल्या क्लबला गेला ते येतं, पण या खेळावर वर्षानुवर्षं पुस्तकं लिहिणाऱ्या पत्रकारांवर काहीच येत नाही, म्हणून हे पत्र. सायमन कूपरवर एकदा लिहा ना.

जन्म युगांडातला, वाढला नेदरलँड्समधल्या लायडनला, आणि पंचविशीच्या आतच २२ देश पालथे घालून १९९४ ला 'फुटबॉल अगेन्स्ट द एनिमी' हे पहिलं पुस्तक काढलं, त्याला क्रीडा पुस्तकांसाठीचा विल्यम हिल पुरस्कारही मिळाला. त्यात १९८८ च्या युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, सेमीफायनल आहे बघा, हॅम्बुर्गला नेदरलँड्सने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं ती, व्हॅन बास्टनचा गोल अगदी शेवटी शेवटी, आणि तिकडे ॲमस्टरडॅममध्ये लोक सायकली हवेत उडवून ओरडतायत, आमच्या सायकली परत मिळाल्या! दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने डच लोकांच्या सायकली उचलून नेल्या होत्या, तो राग चाळीसहून जास्त वर्षांनी एका मॅचवर निघाला.

एवढ्यावर नाव झालंच होतं. पण २००३ मध्ये त्याने ॲमस्टरडॅमचा आयाक्स क्लब आणि ते युद्ध यावर पुस्तक लिहिलं आणि आम्ही सगळे जर्मनांशी लढलो या डच समजुतीलाच हात घातला. तिथल्या दर चार ज्यूंपैकी जवळजवळ तीन मारले गेले, १ लाखाहून जास्त माणसं, आयाक्सचा जुना राइट विंगर एडी हामेल १९४३ मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत संपला, आणि त्याच काळात लीगच्या मॅचेस मात्र चालू होत्या. जिथे लहानाचे मोठे झालो तिथल्याच लोकांना हे ऐकवायचं म्हणजे छाती लागते हो, मला तर तो भाग वाचून पुढे जाववेना.

नंतर अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्कीबरोबर 'सॉकरनॉमिक्स' आलं २००९ ला, पगार आणि पॉइंट्स टेबलचा हिशोब वगैरे, शेवटी नोकरी फायनान्शियल टाइम्स या अर्थविषयक वर्तमानपत्रातली. आणि बार्सिलोनावर लिहायला घेतलं ते क्लब मोठा कसा झाला ते सांगायला, पण लिहिता लिहिता क्लबच कर्जात बुडत गेला, तर त्याने ती पडझडही पुस्तकात घेतली.

लेख दिलात तर पुरस्कारांना एक ओळ पुरे, १९९४ ते २००३ या नऊ वर्षांना जास्त जागा द्या. सायकलींपासून तो हामेलपर्यंत कसा पोचला, ते मला वाचायचंय.

आपला,
एक नियमित वाचक