काकू, त्या १९ फेब्रुवारीसाठी

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

मार्चमध्ये तुम्ही लेकीकडे सिअ‍ॅटलला कायमच्या राहायला जाणार, हे कळल्यापासून तुमच्याशी नीट बोलायचं म्हणतेय. पण समोर बसलं की तुम्ही चहा टाकता, मुलांची चौकशी करता आणि माझं राहूनच जातं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही माझी जी चूक सुधारलीत, ती इथे अमेरिकेतल्या आपल्या पुष्कळ मराठी घरांतली आहे.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होतात. माझा लेक शाळेचा कसलासा फॉर्म भरत होता. 'वंश' या रकान्यापाशी तो अडला. वर्गातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, 'तू एशियन नाहीस, तू इंडियन आहेस.' त्यानं मला विचारलं आणि मी पोळी उलटता उलटता म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. एशियन म्हणजे चिनी-जपानी. आपण वेगळे."

तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. तो खेळायला गेल्यावर मेथीच्या काड्या बाजूला सारल्यात आणि म्हणालात, "अगं, हेच आपल्या लोकांनी एकदा सुप्रीम कोर्टात सांगून पाहिलंय. काय झालं ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मी भगतसिंग थिंद हे नाव ऐकलंसुद्धा नव्हतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला हा शीख माणूस. तेव्हा नागरिकत्व मिळवायचं तर कायद्यानं माणूस 'गोरा' असावा लागे, किंवा आफ्रिकी वंशाचा. म्हणून थिंदच्या बाजूनं मांडलं गेलं की हे उच्चवर्णीय आहेत, आर्य रक्ताचे आहेत, म्हणजे गोऱ्यांतच धरा. कोर्टानं निकाल दिला की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हे बसत नाहीत. त्याच्या तीन महिने आधी, १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसालाही त्याच कोर्टानं नाही म्हटलं होतं. तुम्ही थिंदच्या वकिलाचं नाव मला मोठ्यानं वाचायला लावलंत. सखाराम गणेश पंडित. नाव वाचताना माझा आवाज बसला. निकालानंतर सरकार आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला लागलं, तेव्हा पंडितांनी स्वतःचं नागरिकत्व मात्र कोर्टात लढून टिकवलं, हेही तुम्हीच सांगितलंत.

"आपण गोऱ्यांच्या पंगतीत पाट मांडायला गेलो," तुम्ही म्हणालात, "आणि त्यांनी उठवलं. शेजारच्या पंगतीतही आपले लोक बसलेत, ते मात्र आपल्याला दिसले नाहीत."

काकू, हे वाक्य मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल!

तुम्ही १९६९ साली इथे आलात, त्यामुळे तुमच्यासाठी ही पुस्तकातली गोष्ट नव्हती. १९७० च्या जनगणनेत तुम्हाला गोऱ्यांत मोजलं. त्याच्या आधीच्या काळात रकान्यात 'हिंदू' लिहीत, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९८० साली 'एशियन इंडियन' असा रकाना आला, तोही इथल्या भारतीयांनी मागून घेतला म्हणून. मुळात 'एशियन-अमेरिकन' हा शब्दच १९६८ साली बर्कलेत युजी इचिओका आणि एमा गी या विद्यार्थ्यांनी पुढे आणला, 'ओरिएंटल' हे लोकांनी चिकटवलेलं नाव नको म्हणून. चेहरे सारखे दिसतात म्हणून तो पडलेला नाही. तो ठरवून घेतलेला आहे, एकमेकांच्या पाठीशी उभं राहायला. हे कळल्यावर माझा तोवरचा सगळा हिशेबच चुकला.

पण खरे आभार मानायचेत ते त्यानंतरच्या १९ फेब्रुवारीसाठी.

आपल्याकडे ती शिवजयंती. लेकानं मंडळात पोवाड्याला साथ केली होती. डोक्याला फेटा, छातीवर राजमुद्रेचा बिल्ला. कार्यक्रम संपून मंडळी जेवणाच्या रांगेत लागली आणि तुम्ही म्हणालात, "आज आणखी एका ठिकाणी जायचंय." मंडळातल्या एकानं विचारलंही, "आजच्या दिवशी तिकडे कशाला?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "आजचाच तर दिवस आहे."

सॅन होजेचं जपानटाउन. अमेरिकेत अशी तीनच उरलीत, आणि एक आपल्या घरापासून वीस मिनिटांवर. इतकी वर्षं मी तिथे फक्त नूडल्स खायला जात होते. जपानशी युद्ध चालू असताना, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य जन्मानं अमेरिकन नागरिक होते. थिंदचा निकालही १९ फेब्रुवारीचाच, १९२३ चा. एका तारखेवर इतकं काही असेल, हे तुम्ही गाडीत सांगितलंत तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो.

आधी तुम्ही आम्हाला तिथल्या संग्रहालयात नेलंत. ट्यूली लेक या ठिकाणच्या छावणीतल्या बराकीसारखी एक खोली तिथे उभी केली आहे. लेक दारातच थांबला. म्हणाला, "आई, अख्खं घर एवढ्यात?" मग रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन लोक चालायला लागले. वारा होता. माझी मेणबत्ती दोनदा विझली, दोन्ही वेळा शेजारून कुणीतरी न बोलता आपली पुढे केली.

तिथे ते जपानी आजोबा भेटले. त्यांनी लेकाच्या छातीवरचा बिल्ला पाहून हा काय म्हणून विचारलं. लेकानं त्याच्या परीनं शिवाजी महाराज सांगितले, आग्र्याची सुटका अगदी पेटाऱ्यांसकट. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी पाच वर्षांचा होतो. आम्हाला आधी सांता अनिताच्या रेसकोर्सवर ठेवलं, घोड्यांच्या तबेल्यात, आणि मग वायोमिंगला हार्ट माउंटनला नेलं. माझ्या कोटाच्या बटणाला नंबराची चिठ्ठी बांधली होती, ती मी सारखी ओढायचो आणि आई सारखी नीट करायची. हे सांगताना त्यांचा हात स्वतःच्या बटणाकडे गेला. लेकानं ते पाहिलं. परतताना त्यानं बिल्ला काढून मुठीत धरला होता, घरी येईपर्यंत सोडला नाही.

तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. वैष्णोदास बगाई यांची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. १९१५ मध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत आलेला माणूस. थिंदच्या निकालानंतर त्यांचं नागरिकत्व गेलं आणि १९२८ साली त्यांनी आपल्या याच सॅन होजेत जीव दिला. त्यांच्या पत्नी कला यांनी मुलांना वाढवलं. ज्या बर्कलेत शेजाऱ्यांनी त्यांना विकत घेतलेल्या घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तिथल्या एका रस्त्याला आज कला बगाई यांचं नाव आहे. त्या पाटीखाली तुम्ही आमचा फोटो काढलात. तुमच्या घरात दारातून शिरताच दिसतो तो फोटोही मला तेव्हाच खरा दिसला: १८८५, फिलाडेल्फिया, आपली आनंदीबाई जोशी, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली, तिघी डॉक्टरकी शिकायला आलेल्या. मी इतकी वर्षं त्यात फक्त आनंदीबाईच पाहत होते.

२०२१ चा वसंत मी विसरणार नाही. वयस्कर आशियाई माणसांवर रस्त्यात हल्ले होत होते. मार्चमध्ये अटलांटात आठ जणांना मारलं, त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या बायका. तुमच्या शेजारच्या चिनी आजींनी फिरायला जाणं बंद केलं होतं. तुम्ही ऐंशीच्या घरात, गुडघे दुखणारे, तरी रोज सकाळी सात वाजता त्यांच्या दाराशी हजर. साडी, वर स्वेटर, पायात बूट. त्यांना इंग्रजी जेमतेम, तुम्हाला चिनी अजिबात नाही. दोघींचं बोलणं परसातल्या कारल्यांवर चालायचं. त्यांचं कारलं गुळगुळीत, आपलं काटेरी, पण कडू दोन्ही सारखीच, हे तुम्ही हसत हसत सांगायचात. तुमच्या मागोमाग मीही जायला लागले ते तुमच्या काळजीनं. नंतर त्या आजींसाठी जायला लागले.

काकू, तुम्ही मला कधी उपदेश केला नाहीत. गाडीत बसवलंत आणि नेलंत. मुलांना आपली भाषा, आपले सण मिळावेत म्हणून मी धडपडत होते, ते तुम्ही कधी कमी लेखलं नाहीत. त्याच्याच शेजारी दुसरं पान मांडलंत, इतकंच. आज लेक मंडळात पोवाडा म्हणतो आणि कॉलेजातल्या व्हिएतनामी, फिलिपिनो, कोरियन मित्रांना 'आपण' म्हणतो. हे दोन्ही तुमच्यामुळे.

यंदाचा १९ फेब्रुवारी तुम्ही जायच्या आधीच येतोय. आम्ही तुम्हाला घ्यायला येऊ, लेकही त्यासाठी कॉलेजातून येणार आहे. थंडी असते, शाल घेऊन ठेवा. मेणबत्त्या मी आणते. आणि तुमचा तो झाकणावर नाव कोरलेला स्टीलचा डबा माझ्याकडे आहे, तो बेसनाचे लाडू भरून देणार आहे. दहा तुमचे, दहा चिनी आजींचे. तुम्ही गेल्यावर सकाळी सातला त्यांच्या दाराशी मी असेन.

तुमची,
समोरच्या गल्लीतली सूनबाई
(तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच म्हणत आलात.)